डावी बाजू, निरंक

“चेनेज अकरा दोनशे ते अकरा सातशे. डावी बाजू, वस्ती निरंक. उजवी बाजू, वस्ती निरंक.”

एवढं वाचून मी पान उलटत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “निरंक म्हंजी काय?”

पिंपरण्याच्या हायस्कूलचं सभागृह होतं ते. वाघोशी ते पिंपरणे हा रस्ता चौपदरी व्हायचा होता आणि त्याची जनसुनावणी चालली होती. मंचावर प्रांत मॅडम, त्यांच्या शेजारी आमचे काटकर सर, पलीकडे खात्याचे दोन इंजिनिअर. मी कडेला माइकपाशी उभी राहून गावागावांतून रस्ता कुठून कसा जाणार त्याचा अहवाल वाचत होते. मी सांगितलं, निरंक म्हणजे काही नाही. त्या जागी कुणी राहत नाही.

बायकांच्या घोळक्यातून एक उंच बाई उठून उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली. ती उठली तशी तिच्या आजूबाजूची सगळी माणसं उठली. बाया, बाप्ये, काठी टेकत आलेला एक म्हातारा.

“अकराच्या दगडाच्या फुडं मोटेवस्ती हाय,” ती म्हणाली. “आमी तितलीच. तितं कुणी ऱ्हात न्हाई म्हंता, मग आमी कुठनं आलो?”

पुढच्या खुर्च्यांवर बसलेली गावातली काही मंडळी हसली. मला हसू आलं नाही. मोटेवस्तीची घरं मी स्वतः पाहिली होती. प्रत्यक्ष जाऊन नव्हे, कॉम्प्युटरवर. पण पाहिली होती, आणि माझ्या अहवालात ती होती.

ते कसं, हे सांगायला हवं. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत मी रस्त्यांचं डिझाइन करत असे. सर्व्हेची माणसं रानात यंत्र लावून हिंडतात आणि दिसेल त्या वस्तूचा पॉइंट घेतात. घराचा कोपरा, विहीर, विजेचा खांब, झाड, देऊळ. हजारोंनी पॉइंट असतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्याची मध्यरेषा आखलेली असते, तिला आम्ही अलाइनमेंट म्हणतो. ती रेषा निवडायची, पॉइंट निवडायचे आणि अहवाल मागायचा. मग प्रत्येक पॉइंटपुढे छापून येतं की रस्त्याच्या सुरुवातीपासून तो किती अंतरावर आहे आणि रेषेच्या डावीकडे किंवा उजवीकडे किती लांब आहे. पहिल्या अंतराला चेनेज म्हणतात, दुसऱ्याला ऑफसेट. रेषेपासून किती लांबपर्यंतचे पॉइंट धरायचे तो आकडा आपण टाकायचा असतो. पलीकडचं सगळं गाळलं जातं.

आमच्या कामाच्या अटींत तो आकडा पन्नास मीटर होता. पन्नास मीटरच्या आत सलग घरं असली की तिथं माणसांना आणि जनावरांना रस्त्याखालून जायला वाट द्यायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी पन्नास टाकूनच अहवाल काढला होता. मोटेवस्तीत घरं निघाली होती, आणि तिथं भुयारी वाट लागेल अशी टीपही मी लिहून दिली होती.

आता माझ्या हातात जो छापील अहवाल होता त्यात यातलं काहीही नव्हतं. सुनावणीच्या सकाळी काटकर सरांनी तो मला दिला होता. तू त्याच भागातली आहेस, तुझी भाषा लोकांना आपली वाटेल, वाचन तूच कर, असं म्हणाले होते. मी विट्याची. मला बरं वाटलं होतं.

मी शेवटचं पान उघडलं. खाली छापलं होतं, तयार करणार, हेमांगी शितोळे. अहवालाच्या माथ्याशी बारीक अक्षरांत सॉफ्टवेअर स्वतःहून काही गोष्टी छापतं, त्यांत ऑफसेटची मर्यादा होती. तीस मीटर.

कानशिलं तापली माझी. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी बोटानंच खूण केली, पुढे वाच.

काटकर सर कधी आवाज चढवत नसत. मला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं, माझ्या लग्नात ते सहकुटुंब आले होते. त्या एका खुणेत मला कळलं की ही चूक नाही आणि त्यांना ती ठाऊक आहे.

मी पुढे वाचलं नाही. प्रांत मॅडमकडे वळून म्हणाले, “मॅडम, माझं नाव आहे, पण हा अहवाल मी केलेला नाही.”

सभागृहातला गलका एकदम बसला. सरांनी शांतपणे दुसरा माइक ओढून घेतला. अशा मोठ्या कामात तांत्रिक बाबींत थोडंफार इकडंतिकडं होतं, आम्ही पुण्याला जाऊन तपासून आठवडाभरात कळवू, गावकऱ्यांनी निश्चिंत असावं, असं ते अगदी गोड शब्दांत बोलले. पुढच्या खुर्च्यांवरच्या माना डोलल्या. प्रांत मॅडमनीही लिहायला पेन उचललं. ते एकदा लिहून झालं की सुनावणी संपणार होती, आणि आठवडाभरानंतर पुण्याहून काय कळवलं जाणार हे मला मंचावरच दिसत होतं.

“पुण्याला जायची गरज नाही,” मी म्हणाले. “फाइल या लॅपटॉपमध्ये आहे. आत्ता काढून दाखवते.”

सर म्हणाले, “हेमांगी, इथं नको.”

प्रांत मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या मोटेवस्तीच्या माणसांकडे पाहिलं. “दाखवा,” एवढंच म्हणाल्या.

मंचामागच्या पडद्यावर आमच्या कंपनीनं केलेली फिल्म थांबवून ठेवली होती. गुळगुळीत रस्ता, दुभाजकात फुलझाडं, आणि अख्ख्या फिल्ममध्ये रस्ता ओलांडणारं एक माणूस नाही. मी ती बंद केली आणि नकाशा उघडला. लोकांना सांगितलं की ही तांबडी रेघ म्हणजे रस्ता आणि हे बारीक ठिपके म्हणजे सर्व्हेच्या माणसांनी येऊन मोजलेल्या तुमच्या वस्तू. मोटेवस्तीपुरता तुकडा निवडला. अंतराच्या चौकटीत बदललेला आकडा, तीस, तसाच होता. मी तो सगळ्यांना दाखवला आणि अहवाल काढला. चार ओळी आल्या. दोन विजेचे खांब, एक बाभूळ, एक दगड.

मग मी तीस खोडून पन्नास टाकले.

ओळी खाली सरकत गेल्या. मी मोठ्यानं वाचायला लागले. डावीकडे, घर. घर. घर. पाण्याचा हौद. घर. देऊळ. घर. वस्तीतली माणसं एकमेकांना हळूच सांगू लागली. हौदाच्या अलीकडचं ते थोरल्याचं, देवळाच्या लगतचं बिराचं. काठीवाला म्हातारा पुढे येत येत पडद्यापाशी पोचला आणि मान वर करून आपलं घर कोणतं ते शोधू लागला. त्याला वाचता येत नसावं, कारण तो प्रत्येक ओळीला बोट लावून मागच्यांना विचारत होता. आता पुढच्या खुर्च्यांवर कुणी हसत नव्हतं.

ती उंच बाई मात्र जागची हलली नव्हती. ओळी संपल्यावर तिनं विचारलं, “ह्यात माजं कुठलं?”

तिचं घर कुठं आहे ते मी विचारलं. देवळाच्या मागं, सगळ्यांत आत, असं तिनं सांगितलं. मी नकाशावर पाहिलं. ठिपका होता, पण पन्नासच्या थोडा पलीकडे. मी शंभर टाकले आणि पुन्हा अहवाल काढला. शेवटून दुसऱ्या ओळीत घर आलं.

“हे तुमचं.”

“मगाशी न्हवतं?”

“नव्हतं.”

“आन् आता हाय?”

“आता आहे.”

“मी तर सकाळधरनं हितंच बसलीया,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

प्रांत मॅडमनी त्या गावापुरता अहवाल फेटाळल्याचं तिथंच लिहिलं. आठवड्याच्या आत दुरुस्त करून द्या, आणि फरक का पडला त्याचा लेखी खुलासा द्या.

परतीच्या वाटेवर गाडीत काटकर सरांनी अहवालाचा विषयही काढला नाही. मधे एका ठिकाणी थांबून त्यांनी चहा घेतला, मलाही दिला, साखर बेताची आहे का तेही विचारलं. त्या चहाचा मला जेवढा संताप आला तेवढा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर आला नसता.

अकराच्या दगडाजवळ एक पेट्रोल पंप नुकताच उभा राहत होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्याखालून वाट काढायची तर तिथं रस्ता दोन माणसं उंच उचलावा लागतो आणि पंपाचं तोंड खड्ड्यात जातं. पंप कुणाचा होता ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. सरांनीच मला हे सगळं सांगितलं, केबिनचं दार लावून, जणू काही हवामानाबद्दल बोलत असावेत तसं. मला वाटलं होतं, ते नाकारतील. त्यांना नाकारायची गरजच वाटली नाही.

मग त्यांनी एक टाइप केलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. खुलासा माझ्या नावानं होता. अहवाल तयार करताना माझ्याकडून अंतराचा आकडा अनवधानानं चुकीचा टाकला गेला, ही टायपिंगची चूक आहे, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

मी म्हणाले, हे मी केलेलं नाही.

ते म्हणाले, मला माहीत आहे. तुझ्यावर कारवाई होणार नाही, हा माझा शब्द. पण तू हे सही केलंस तर दुरुस्ती होते, भुयारी वाट मंजूर होते, सगळं या आठवड्यात संपतं. नाही केलंस तर चौकशी लागेल. चौकशी किती चालते ते तू बघितलं आहेस. काम मात्र थांबणार नाही. माती पडेल, खडी पडेल, डांबर पडेल. मग तुझ्या त्या माणसांनी मेंढरं घेऊन कुठून जायचं ते तूच त्यांना जाऊन सांग.

“तुझ्या त्या माणसांनी” असं म्हणाले ते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांना वाट मिळतेय ना, मग कागदावर कुणाची चूक लिहिली यानं काय बिघडतं. मी त्याच्यावर चिडले, पण विचार केला तेव्हा मलाही दुसरा रस्ता दिसेना. माझ्या नावाचं काय घेऊन बसायचं, असं मी स्वतःला बजावलं. वाट तर होईल. सकाळी जाऊन सही केली. सरांनी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, “शहाणी आहेस.”

दुरुस्त अहवाल गेला, त्या गावापुरती भुयारी वाट मंजूर झाली. ती नेमकी कुठं बसवायची ते प्रत्यक्ष जागेवर ठरवायला आठ-दहा दिवसांनी मीच मोटेवस्तीवर गेले. सर्व्हेची दोन माणसं यंत्र लावून कामाला लागली आणि मी वस्तीकडे चालू लागले. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी होतं की ही माणसं आता मला बघून आनंदतील.

ती उंच बाई देवळामागच्या आपल्या घरापुढं मेंढरांचं पाणी भरत होती. तिचं नाव बायाक्का मोटे. मला बघून तिनं बादली ठेवली, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. पण चेहरा काही सैल झाला नाही. घरात जाऊन ती एक कागद घेऊन आली. माझ्या खुलाशाची प्रत. ग्रामपंचायतीला आली होती आणि शाळेतल्या गुरुजींनी सगळ्यांना वाचून दाखवली होती.

“ही चूक तू केलीस?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग असं का लिवलंस?”

मी तिला सगळं सांगितलं. पंपाचं, चौकशीचं, मातीचं आणि खडीचं. सही केली नसती तर तुमची वाट अडली असती, असं म्हणाले. ती ऐकत होती. मी मनात तिच्या तोंडच्या कुठल्यातरी चांगल्या शब्दाची वाट बघत होते.

“तुला कुणी सांगितलं सही करायला?” ती म्हणाली. “आमाला इच्यारलंस?”

मला रागच आला. म्हणाले, बायाक्का, माझं नाव गेलं, ते तुमच्यापायीच गेलं. माझ्या धंद्यात असा कागद जन्मभर मागे लागतो. तुम्हाला त्याचं काहीच नाही का?

“हाय की. म्हणूनच इच्यारतीया.” तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. “आमी चुकून ऱ्हायलो न्हाई, पोरी. आमाला जाणूनबुजून काढलं. तुज्या नावाखाली काढलं, आन् तूच त्ये सगळ्या लोकांत दावलंस. त्या दिशी आमची वस्ती पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडातनं आली. आन् आता ह्या कागदानं काय झालं? त्येंनी कायबी केलं न्हाई असं झालं. एका बाईचं बोट चुकलं, झालं गेलं मिटलं. मग फुडच्या वस्तीत बी कुणाचं तरी बोटच चुकंल न्हवं?”

पुढच्या वस्तीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सुनावण्या गावागणिक झाल्या होत्या. पिंपरण्याची शेवटची. आधीच्या गावांतले अहवाल दुसऱ्या कुणीतरी वाचले होते, तिथं निरंक म्हणजे काय असं कुणी विचारलं नव्हतं, आणि सुनावण्या बिनतक्रार पार पडल्या होत्या. दुरुस्ती फक्त या एका तुकड्याची झाली होती.

लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत होता. मी तो तिथंच घोंगड्यावर उघडला. बायाक्का शेजारी बसली. रस्त्याचा आख्खा अहवाल मी आधी तीस मीटर टाकून काढला, मग पन्नास टाकून, आणि दोन्ही शेजारी ठेवून खाली खाली जात राहिले. बहुतेक ठिकाणी काही फरक नव्हता. खांब, झाडं, बांध. मग वाघोशीच्या अलीकडे फरक आला. घरांची लांबच लांब रांग, तीसच्या अहवालात एकही नाही. जागा ओळखीची वाटेना, म्हणून बायाक्काला विचारलं. ती म्हणाली, वडारवस्ती. त्याच्या पुढे, ओढ्याच्या वळणावर, आणखी एक फरक. साखर कारखान्याच्या तोडकऱ्यांची घरं. तिथंही अहवालात निरंक छापून गेलं होतं, मंजूर झालं होतं, आणि माझंच नाव खाली होतं.

मला काटकर सर पत्र पुढे सरकवताना दिसत होते. एका जागची चूक कबूल करून त्यांनी माझ्याकडून बाकीच्या जागा झाकून घेतल्या होत्या. माझी सही त्यांना मोटेवस्तीसाठी नकोच होती.

“आता काय करायचं?” मी विचारलं. मी इंजिनिअर होते आणि तिला विचारत होते, याची मला तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही.

“प्रांताकडं जायाचं,” ती म्हणाली. “मी येती.”

सर्व्हेच्या माणसांना थांबायला सांगून आम्ही दोघी वडापच्या जीपमधून तालुक्याला गेलो. बायाक्कानं वाटेत एकदाच तोंड उघडलं. माझं माहेर कुठलं ते विचारलं आणि विटं म्हटल्यावर तिकडचा मेंढरांचा बाजार कसा असतो ते सांगितलं.

प्रांत मॅडमनी आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं आणि मग आत घेतलं. मी सगळं सांगितलं आणि माझं पहिलं पत्र खोटं आहे म्हणाले. त्या रागावल्या, आणि त्यांचं रागावणं मला रास्तच वाटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या पहिल्या पत्राच्या जोरावर मी दुरुस्ती मंजूर केली. आता म्हणता ते खोटं. मग दुसरं खरं कशावरून? उद्या वकील उभा राहील आणि म्हणेल, ही बाई दर आठवड्याला नवीन पत्र लिहिते. मोटेवस्तीची मंजुरीसुद्धा लटकेल, कळतंय का तुम्हाला?

मी बायाक्काकडे पाहिलं. तिला ते कळलं होतं. तिच्या हातची वाट जाणार होती.

“लटकू द्या,” ती म्हणाली.

मॅडमनी तिला विचारलं, तुम्ही कोण?

“निरंक,” बायाक्का म्हणाली.

मॅडमना सुनावणीचा तो दिवस आठवला असावा. मग त्या मला म्हणाल्या, दाखवा लॅपटॉप. मी दोन्ही अहवाल त्यांच्यापुढे ठेवले. वडारवस्तीच्या ओळी आल्या तेव्हा त्या थांबल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. “ही पण टायपिंगची चूक?”

“नाही, मॅडम.”

“लिहा मग. आणि या वेळी स्वतःच्या शब्दांत लिहा.”

मी तिथल्याच कोऱ्या कागदांवर हातानं लिहिलं. आकडा कुणी बदलला, का बदलला, मला काय सांगण्यात आलं, सही कशी घेतली. तीन गावांची नावं लिहिली. लिहिताना पेन कागदात रुतत होतं. मी इतकी रागात होते की दोनदा कागद फाटला आणि दोनदा पहिल्यापासून लिहावं लागलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा काटकर सरांचा फोन आला. तालुक्याहून पुण्याला बातमी माझ्याआधी पोचली होती. नेहमीच्याच शांत आवाजात ते म्हणाले, “हेमांगी, तुझी चूक मी पोटात घालायला तयार होतो.”

“ती माझी नव्हती, सर,” मी म्हणाले. “आणि चूकही नव्हती.”

ते आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात येऊ नका म्हणून कळवण्यात आलं.

पुढं काय झालं ते मनासारखं नाही, पण झालं ते असं. मोटेवस्तीची मंजुरी खरोखरच लटकली. रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा तिन्ही वस्त्यांची माणसं मेंढरांसकट मातीच्या भरावावर जाऊन बसली. बायाक्का वडारवस्तीवर जाऊन त्यांना घेऊन आली होती, आधी तिची तिथं कुणाशी ओळखही नव्हती. प्रांत मॅडमची बदली झाली, पण जाण्याआधी त्या तिन्ही जागा स्वतः चालून आल्या आणि तसं फायलीत लिहून गेल्या. शेवटी दोन ठिकाणी भुयारी वाट झाली, मोटेवस्तीला आणि वडारवस्तीला. तोडकऱ्यांच्या घरांपाशी झाली नाही. ती माणसं हंगामाला बाहेर असताना तिथलं डांबर पडलं. मोटेवस्तीची वाट मापापेक्षा बुटकी बांधली, मेंढरं जातात, बैलगाडी जात नाही. पेट्रोल पंप चालू आहे. चौकशी काटकर सरांपर्यंत कधी पोचली नाही. दोन वर्षांनी त्यांना कुठल्याशा संस्थेनं अचूकतेसाठी गौरवलं, त्याचा फोटो मी पाहिला.

मला वाटत आलं होतं की राग कधीतरी निवेल. नाही निवला. बायाक्का आता थकली आहे, फोनवर जोरात बोलावं लागतं. तिला मी एकदा म्हटलं, तुमच्या हातची वाट मी घालवली होती. ती म्हणाली, घालवली न्हाईस, मागून घ्यायला लावलीस. मिळालेली वाट आणि मागून घेतलेली वाट एकच नव्हे, असं मात्र ती म्हणाली नाही, मीच ते समजून घेतलं.

फायलीत माझी दोन्ही पत्रं आहेत, एकाखाली एक. ज्याला जे हवं असेल ते तो वाचतो. आमच्या धंद्यात गोष्टी लवकर पसरतात. त्यानंतर पाच-सहा ठिकाणी मी कामासाठी गेले, प्रत्येक ठिकाणी चहा येतो, माझे जुने नकाशे बघून होतात, आणि मग समोरचा माणूस हळूच विचारतो, त्या वाघोशीच्या रस्त्यावर आकडा चुकला होता त्या तुम्हीच ना?

मग मी खुर्ची पुढं ओढते आणि त्याला पहिल्यापासून सांगते.